शंबूक कुठं गेला?

(अकोल्यात तरुण कार्यकर्त्यांपुढं केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय : धर्मग्रंथ पडद्यावर आणायचा तर इमानानं कसा आणायचा. ऐकून काहींना वाटलं असेल, हे सिनेमावाल्यांचं काम. शिकल्या-सवरल्यांनी चहा पीत बोलायचं काम. आपला काय संबंध? पण इथं अकोल्यात-अमरावतीत काही पोरांनी ठरवलंय की बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' कॅमेऱ्यात घ्यायचा. कॅमेरा आता खिशात असतो. पोरं तयार आहेत. पैसा नाही, तो आपल्याकडं कधीच नव्हता. आणि पहिल्याच बैठकीत भांडण लागलं : ग्रंथात आहे ते सगळं घ्यायचं, का आपल्याला पटतं तेवढंच घ्यायचं? भांडण चांगलं आहे. ते मिटवायच्या आधी नीट समजून घ्यावं म्हणून मी बोलतोय.

आपल्याकडचा सिनेमा पोथीच्या पोटी जन्मला. दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांपुढं राम-कृष्ण हलायला लागले. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. तेव्हापासून देव आणि पडदा यांची सोयरीक आहे. पुढं प्रभातनं १९३६ मध्ये 'संत तुकाराम' काढला. त्या सिनेमात बीजावरचं एक गाणं आहे. ते लिहिलं शांताराम आठवल्यांनी. पण ते तुकोबांच्या वळणाचं इतकं हुबेहूब उतरलं, की जाणती माणसंसुद्धा ते गाथेत शोधत बसली. गाथेत ते नाही. आजही कितीजण ते तुकोबांचं समजून म्हणतात.

आठवल्यांनी कुणाला फसवलं नाही, त्यांनी गाणं लिहिलं. पण पडद्याची ताकद बघा. पोथी वाचणारा शंभरात एक, पडदा बघणारे बाकीचे सगळे. पडद्यावर आलं ते पोथीत होतंच असं लोक धरून चालतात. आणि पडद्यावर आलं नाही ते पोथीत कधी नव्हतंच, असंही धरून चालतात. हा दुसरा भाग जास्त घातकी आहे. खोटं घुसवलेलं पकडता येतं, खरं गाळलेलं दिसत नाही. जे दिसत नाही त्याची फिर्याद कोण देणार?

मी गोदीत काम करतो. जहाजाच्या कागदावर जितक्या गोणी लिहिल्यात तितक्या धक्क्यावर उतरल्या का, हे मोजायला टॅलीवाला उभा असतो. कमी भरल्या तर कागदावर तसं लिहावं लागतं : इतक्या कमी. मग त्या फुटल्या, बुडाल्या का चोरीला गेल्या, ते नंतर. पण आधी 'कमी' हा शब्द लिहायचा. त्याला पर्याय नाही. आता पोथीचं जहाज पडद्याच्या धक्क्याला लागलं तेव्हा टॅली कुणी ठेवली?

२५ जानेवारी १९८७. रविवार सकाळ. दूरदर्शनवर रामानंद सागरांचं 'रामायण' सुरू झालं आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत चाललं. तुम्ही-आम्ही तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण घरोघर आपण ऐकलंय. रस्ते ओस पडायचे, टीव्हीच्या पेटीला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. २०२० च्या टाळेबंदीत तीच मालिका परत दाखवली, तेव्हा ती आपल्या पिढीनंही बघितली. मालिकेच्या सुरुवातीला आधारग्रंथांची यादी यायची : वाल्मीकी, तुलसीदास, तमिळ कंब रामायण, बंगाली कृत्तिवास, आपलं एकनाथांचं भावार्थ रामायण, आणखी कितीतरी. म्हणजे जहाजाचा कागद त्यांनी स्वतःच वाचून दाखवला. बरं झालं.

आता माल मोजू.

वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात शंबूक आहे. एका ब्राह्मणाचा मुलगा अकाली मरतो. बाप प्रेत घेऊन राजाच्या दारात येतो, म्हणतो हा राजाचा दोष. नारद कारण सांगतो : राज्यात कुठंतरी शूद्र तप करतोय. राम पुष्पक विमानात बसून शोधायला निघतो. दक्षिणेकडं एका तळ्याकाठी एक माणूस खाली डोकं वर पाय करून तप करताना सापडतो. राम विचारतो, तुझा वर्ण कोणता? तो लपवत नाही. सांगतो, मी शूद्र, माझं नाव शंबूक. शब्द तोंडात आहेत तोवर तलवार चालते. मुंडकं खाली. आकाशातून देव फुलं टाकतात. तिकडं ब्राह्मणाचा पोरगा उठून बसतो.

हे मी रचलेलं नाही. बाबासाहेबांनीही रचलेलं नाही. ते लिहून ठेवलेलं आहे, त्यांच्याच पोथीत, त्यांच्याच संस्कृतात. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलन'मध्ये एवढंच सांगितलं की शंबुकाला मारणं ही रामाची लहर समजू नका. चातुर्वर्ण्य चालवायचं तर शिक्षा लागते, आणि रामराज्य चातुर्वर्ण्यावर उभं होतं, म्हणून ते मुंडकं उडालं. वाचणाऱ्यानं मजकुराला याहून जास्त इमान ते काय दाखवायचं?

मालिकेत शंबूक उतरला नाही. गोणी कमी. आणि टॅलीच्या कागदावर 'कमी' हा शब्दही नाही.

इथं एक शहाणा हटकून उठतो. म्हणतो, अहो, उत्तरकांड मागाहून जोडलेलं आहे, प्रक्षिप्त आहे, मूळ वाल्मीकीचं नाही. बरं बाप्पा. पंडितांत तसं मत आहे, मी मान्य करतो. दुसरा शहाणा म्हणतो, सागरांनी तुलसीदास धरला आणि तुलसीच्या मानसात शंबूक नाही. तेही खरं. पण मग पुढं काय झालं ते ऐका. १९८८ मध्ये मालिका राज्याभिषेकावर संपणार असं कळलं तेव्हा उत्तरेत जालंधरकडच्या सफाई कामगारांनी संप केला. वाल्मीकी समाजाची माणसं ती. त्यांचं म्हणणं, आमचे वाल्मीकी ऋषी आणि लव-कुश दाखवल्याशिवाय रामायण पुरं कसं? झाडू खाली ठेवला. सरकारला ऐकावं लागलं आणि 'उत्तर रामायण' निघालं. आता लव-कुशाची ही गोष्ट कुठून आणली? तुलसीच्या मानसात तीही नाही. ती त्याच उत्तरकांडातली! म्हणजे लव-कुश उतरवताना उत्तरकांड पवित्र, आणि शंबूक आला की उत्तरकांड प्रक्षिप्त. एकाच पोत्यातले गहू घेतले आणि खडा दिसला तेव्हा म्हणाले हे पोतंच आमचं नाही.

सीतेचंही तेच. उत्तरकांडात राम लोकांच्या बोलण्याला भिऊन गरोदर बायकोला टाकतो. लक्ष्मण तिला आश्रम दाखवायला नेतो असं भासवून गंगेपलीकडं सोडून येतो, आणि खरं काय ते तिला तिथं कळतं. मालिकेत सीता स्वतःच जायचं ठरवते. बघा, किती सोयीचं. मारलेला गायब, टाकलेली राजीखुशीनं गेलेली. मग राजा निर्दोष.

आणि हीच मंडळी आपल्याला विचारतात, की तुम्ही आमच्या ग्रंथांची विटंबना काऊन करता?

आता आपल्या वऱ्हाडातली गोष्ट. १९८७ मध्येच महाराष्ट्र सरकारनं बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा चौथा खंड काढला, 'रिडल्स इन हिंदुइझम'. वसंत मून संपादक. त्यात शेवटी परिशिष्टात राम आणि कृष्ण यांच्यावरचं कोडं आहे. बाबासाहेबांनी त्यात काय केलं? वाल्मीकी रामायण उघडलं, त्यात काय लिहिलंय ते सांगितलं आणि प्रश्न विचारले. शंबूकही त्यात आहे. झालं! भावना दुखावल्या. जानेवारी १९८८ मध्ये आपल्या अमरावतीत त्या ग्रंथाची प्रत जाळली गेली. मुंबईत शिवसेनेनं ते परिशिष्ट काढा म्हणून रान उठवलं. सरकार डगमगलं. मग फेब्रुवारीत आपली माणसं मुंबईच्या रस्त्यावर लाखांनी उतरली तेव्हा परिशिष्ट जागेवर राहिलं. खाली एक टीप आली, की या मताशी सरकार सहमत असेलच असं नाही. ठीक. टीप राहू द्या, मजकूर राहिला.

आता तारखा एकाशेजारी एक ठेवा. जानेवारी १९८८. रविवारी सकाळी टीव्हीवर 'रामायण' चाललंय. त्यात पोथीतलं गाळलंय, बदललंय, आणि त्याच्यापुढं उदबत्ती जळतीय. त्याच महिन्यात अमरावतीत एक ग्रंथ जळतोय. त्यात पोथीतलं जसंच्या तसं दाखवलंय. ज्यानं मजकूर मोडला त्याला हार आणि ज्यानं मजकूर वाचला त्याला काडी! दोस्तहो, यांना पोथीशी इमान नकोच आहे. यांना पोथीतून निघणाऱ्या हुकमाशी इमान पाहिजे.

कुणी म्हणेल, तुम्हीही जाळलीत की, महाडला, मनुस्मृती. हो, जाळली. २५ डिसेंबर १९२७. पण जाळायच्या आधी परिषदेत तिच्यात काय लिहिलंय ते सांगितलं गेलं, ठराव मांडला गेला, आणि तो मांडणारे सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण होते. त्याच्या सहाच आठवडे आधी, १३ नोव्हेंबरला, बाबासाहेब अमरावतीत होते, इंद्रभुवन थिएटरात, वऱ्हाडातल्या अस्पृश्यांच्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून. अंबादेवीच्या मंदिराचा प्रश्न होता. पोथीत काय लिहिलंय आणि दार का बंद आहे, याचा हिशेब आपल्या माणसांनी नाटकाच्या थिएटरात बसून मांडला. महाडला वाचून जाळली. १९८८ मध्ये कुणी वाचू नये म्हणून जाळली. दोन्ही जाळांत एवढा फरक आहे.

२०२३ मध्ये 'आदिपुरुष' आला. हनुमानाच्या तोंडी टपोरी भाषा घातली म्हणून देशभर गहजब. निर्मात्यांना संवाद बदलावे लागले. म्हणजे पोथीशी इमान राखा म्हणून भांडायला लोक तयार असतात. पण शंबूक गाळला म्हणून 'रामायणा'विरुद्ध कुठल्या धर्मरक्षकानं मोर्चा काढल्याचं तुम्ही ऐकलंय? हनुमानाची जीभ मोजतात, शंबुकाचं मुंडकं मोजत नाहीत.

मग इमानानं केलेलं काम असतं तरी कसं? एक दाखला देतो. इटलीत पासोलिनी नावाचा माणूस होता. कवी. मार्क्सवादी. देव मानत नव्हता. १९६४ मध्ये त्यानं मॅथ्यूच्या शुभवर्तमानावर सिनेमा काढला. संवाद स्वतःचे लिहिले नाहीत, येशूच्या तोंडी मॅथ्यूचेच शब्द ठेवले. नट घेतले नाहीत. दक्षिण इटलीतल्या गरीब मुलखात गेला, तिथल्या शेतकऱ्या-मजुरांचे रापलेले चेहरे घेतले. येशू केला एका स्पॅनिश विद्यार्थ्याला. म्हाताऱ्या मेरीच्या जागी स्वतःच्या आईला उभं केलं. चमत्कारही ठेवले, ते मॅथ्यूत आहेत म्हणून. आणि काय झालं? श्रीमंतांना आणि पुरोहितांना येशू जे सुनावतो ते तसंच्या तसं ऐकू आलं, आणि लोकांना कळलं की हे तर किती जहाल आहे. नास्तिकाच्या त्या सिनेमाला कॅथलिकांच्या संस्थेनं बक्षीस दिलं. त्यानं काही घुसवलं नाही. इतरांनी वर्षानुवर्षं जे साखरेत घोळवलं होतं ते धुऊन काढलं, बस.

आता आपल्या घरात येऊ. दुसऱ्याच्या गोणी मोजल्या, आपल्याही मोजायला पाहिजेत.

बुद्धावर पडदा जुनाच आहे. १९२५ मध्ये हिमांशु राय आणि फ्रान्झ ऑस्टेननं 'प्रेम संन्यास' केला, एडविन अर्नोल्डच्या काव्यावरून. १९९३ मध्ये बर्तोलुचीचा 'लिटल बुद्धा' आला. राजपुत्र महालात कोंडलेला, एक दिवस बाहेर पडतो, म्हातारा बघतो, प्रेत बघतो, हादरतो आणि मध्यरात्री घर सोडतो, ही कथा लोकांच्या डोक्यात अशी बसलीय की आपल्या विहारातली पोरंही तीच चित्रं काढतात.

बाबासाहेबांनी हीच कथा नाकारली. १९५७ मध्ये, त्यांच्या निर्वाणानंतर, ग्रंथ छापून आला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी चार प्रश्न मांडले, आणि पहिला प्रश्न हाच : बुद्धानं घर का सोडलं? एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा, आजारी, मेलेला माणूस बघितलाच नाही हे पटणारं नाही. मग त्यांनी दुसरं कारण मांडलं. रोहिणी नदी. एका बाजूला शाक्य, दुसऱ्या बाजूला कोलिय. पाण्यावरून दोन्हीकडच्या गडीमाणसांत मारामारी झाली, माणसं जखमी झाली. शाक्यांच्या संघात सेनापतीनं युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थ उभा राहिला, म्हणाला आधी चौकशी करा दोष कुणाचा, दोन माणसं तुमची, दोन त्यांची, पाचवा त्या चौघांनी निवडावा. सभेनं ऐकलं नाही. बहुमत युद्धाच्या बाजूनं. त्यानं सैन्यात जायला नकार दिला. मग धमकी आली : तुझ्या घरच्यांवर बहिष्कार टाकू, जमीन जप्त करू. तो म्हणाला, शिक्षा मला करा, घरच्यांना नको. आणि परिव्राजक होऊन देश सोडला.

बहिष्कार, जमीन, पाणी, बहुमताची सभा आणि एकटा नकार. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला पाहिजे का? पूर्णेच्या काठावर, खारपाणपट्ट्यात जन्मलेल्या माणसाला पाण्याचं भांडण शिकवावं लागत नाही. आणि पुढं काय? दोन्ही बाजूंचा समेट झाल्याची बातमी सिद्धार्थाला कळते. मग त्यानं परत जावं की! पण तो विचार करतो की राष्ट्राराष्ट्रांतलं युद्ध कधीमधी होतं, वर्गावर्गांतला झगडा मात्र रोजचा आहे, आणि दुःखाचं मूळ तिथं आहे. तो परत जात नाही. हे ग्रंथात आहे. किती सिनेमांत बघितलंत?

आता तुमच्यातला तो हुशार पोरगा विचारेल, तो मघापासून हात वर करून बसलाय : बाबासाहेबांनीही परंपरेतलं गाळलं ना? मग सागरांनी गाळलं तर का ओरडता?

प्रश्न बरोबर आहे. उत्तर असं. बाबासाहेबांनी प्रस्तावनेत सांगितलं की मी काय नाकारतोय आणि का. कसोटीही दिली : बुद्धाच्या नावावरचं जे बुद्धीला, तर्काला धरून आहे ते त्याचं. माणसाच्या भल्याशी ज्याचा संबंध नाही अशा वादात तो पडलाच नाही. म्हणजे त्यांनी स्वतःच्या हातानं टॅली लिहिली, कुठं कमी, कुठं जास्त, कशासाठी. तुम्हाला पटत नसेल तर वाद घाला, कागद समोर आहे. सागरांनी यादी दाखवली आणि तूट लपवली. बदल करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. बदल लपवण्याचा हक्क कुणालाच नाही. ना त्यांना, ना आपल्याला.

आपल्यालाही नाही म्हटलं, कारण खरं भांडण इथं आहे. त्याच ग्रंथात महामायेचं स्वप्न आहे, सुमेध बोधिसत्त्व तिच्या स्वप्नात येतो. असित ऋषी आहे, तो बाळ बघायला येतो आणि भविष्य सांगतो. बैठकीत काहीजण म्हणाले, हे काढून टाका, आपण विज्ञाननिष्ठ आहोत, लोक हसतील. मी म्हणतो, थांबा. लोक हसतील म्हणून गाळलं तर आपण कुठल्या तोंडानं शंबूक मागायचा? स्वप्न आहे ना? मग स्वप्न म्हणून घ्या. ढगातून उजेड, मागं घंटा, आकाशातून फुलं, असलं काही नको. एक बाई झोपलीय आणि सकाळी नवऱ्याला स्वप्न सांगतीय, बस. असित नकोच असेल तर नको. पण मग पहिल्या पाटीवर लिहा : या या गोष्टी ग्रंथात आहेत, आम्ही घेतल्या नाहीत, कारण हे. बघणाऱ्याला ठरवू द्या.

दुसरा धोका वेगळा आहे. हार घालायचा. मूळ इंग्रजी नाव आहे नुसतं बुद्ध आणि त्यांचा धम्म. मराठी भाषांतर झालं आणि मुखपृष्ठावर 'भगवान' चढला. पालीत 'भगवा' हा आदराचा शब्द आहे, कबूल. पण मराठी कानाला भगवान म्हटलं की देवच ऐकू येतो. पडद्यावर हे आणखी वाढतं. डोक्यामागं चक्र, गोरापान हसरा चेहरा, पाय जमिनीला न लागणारा. बाबासाहेबांच्या ग्रंथात बुद्ध स्वतःला मोक्षदाता म्हणत नाही, वाट दाखवणारा म्हणतो. त्याच्या पायाला धूळ लागली पाहिजे. कॅमेऱ्यात ती धूळ दिसली पाहिजे.

आणि पतितांच्या धम्मदीक्षेचा भाग कापू नका. लांबी वाढते म्हणून पहिली कात्री तिथंच लागेल, मी आत्ताच सांगून ठेवतो. उपाली न्हावी आहे, सुनीत झाडूवाला आहे, सोपाक आणि सुप्पिय अस्पृश्य आहेत. शाक्य राजपुत्र म्हणतात, आमच्या आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावं लागेल आणि आमचा अहंकार उतरेल. ही माणसं शोधायला मुंबईचा नट आणू नका. कापूसबाजारात हमाल आहेत, जिनिंगमध्ये बाया आहेत, पालिकेचे सफाईवाले आहेत. सुनीत तिथं उभा आहे, तुम्ही नुसता कॅमेरा न्या.

२०१३ मध्ये याच ग्रंथावर बेतलेला 'अ जर्नी ऑफ सम्यक बुद्ध' हा हिंदी सिनेमा येऊन गेला. म्हणजे वाट अगदीच कोरी नाही. तो बघा, ग्रंथ उघडून बघा, एकेक प्रसंग मोजा. मग तुमचा करा आणि तुमचाही कुणीतरी असाच मोजील याची तयारी ठेवा. आपल्या माणसानं केला म्हणून टॅली ठेवायची नाही, हे चालणार नाही.

शेवटचं. शंबूक आपण कुणाची भावना दुखावायला मागत नाही. तो पोथीत आहे म्हणून मागतो. त्याला पोथीत मारला, ते निदान लिहून ठेवलं. पडद्यावर तो जन्मलाच नाही असं केलं, हे दुसरं मरण आहे, आणि ते आपल्या काळात झालंय, आपल्या डोळ्यांपुढं. तुमच्यातल्या कुणीतरी तोही सिनेमा करावा. उत्तरकांडातले ते सर्ग घ्यावेत, एक शब्द पदरचा घालू नये, एक शब्द गाळू नये. तळं दाखवा, झाड दाखवा, प्रश्न दाखवा, उत्तर दाखवा, तलवार दाखवा. फुलंही पडू द्या, पोथीत पडलीत तशी. मग दिवे लावा आणि लोकांच्या तोंडाकडं बघा.

जयभीम.